रामटेके बाईंचा संशय

रामटेके बाई कोणालाही नमस्कार करायच्या तेव्हा त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नसायची, बुटांवर असायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई भिडस्त असतील. मी बदलून आलेला पशुधन विकास अधिकारी, त्या पर्यवेक्षक, वयानं माझ्या आईच्या आसपास. साहेबासमोर मान खाली घालायची जुन्या लोकांना सवय असते, असा माझा गोड समज. बाईंनी माझे बूट नीट न्याहाळले आणि विचारलं, "सकाळी कोण्या फार्मवर जाऊन आले, डॉक्टर?" मी म्हटलं, कुठेच नाही. "मग तळाले भुसा काहून लागला आहे?" भुसा खरंच होता. येताना एका मित्राच्या पोल्ट्रीवर मी दहा मिनिटं चहाला थांबलो होतो आणि ते ऑफिसात सांगायची मला गरज वाटली नव्हती. बाईंनी दाराबाहेरच्या जंतुनाशकाच्या टबाकडे बोट दाखवलं. रुजू झाल्याच्या कागदावर सही करायच्या आधी मी माझ्याच हाताखालच्या बाईंच्या देखरेखीत बूट धुतले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पक्ष्यांचे काही विषाणू माणसातही येऊ शकतात, म्हणून दर महिन्याला गावातून, फार्मांवरून, बाजारातून कोंबड्यांचे नमुने घ्यायचे. कापूस लावलेल्या काडीनं घशातून एक, मागून एक. काडी बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटी भोपाळच्या प्रयोगशाळेला. रिपोर्ट निल आला तर आम्ही कोणाच्या लक्षातही राहत नाही. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आत जेवढे पाळलेले पक्षी आहेत तेवढे सगळे मारावे लागतात, अंडी पुरावी लागतात, पोत्यातलं खाद्य जाळावं लागतं. त्यामुळे आमची गाडी गावात शिरली की लोक आधी खोटं बोलायला लागतात आणि मग पाणी विचारतात. बाईंचं म्हणणं होतं की या खात्यात खरं बोलणारी एकटी कोंबडी. "तिले बोलता येत नाही म्हणून," हे त्या वर जोडायच्या.

त्यांची चौकशीची एक पद्धत होती. एकच प्रश्न त्या तीनदा विचारायच्या, पण सलग नाही. आल्या आल्या मालकाला, "किती पक्षी आहेत जी?" मग पाऊसपाणी, पोरांची शाळा, पांदण रस्ता, आणि मध्येच, "सांजच्याले किती डालता?" निघताना फाटकापाशी घरच्या सुनेला, "सकाळी किती सोडता वं बाई?" तीन आकडे आले की त्यातला फरक कुठे दडला असेल ते शोधायला बाई परसदारी वळायच्या. एकदा मालकानं सांगितले पंचवीस, सासूनं वीस आणि सुनेनं अठ्ठावीस. बाईंनी सुनेकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि वहीत अठ्ठावीस लिहिले.

नमुने घ्यायला गेलेल्या घरी त्या चहा घेत नसत. त्याला त्यांच्याकडे दोन कारणं होती. एक, हात कोंबडीला लागलेले. दोन, चहा पोटात गेला की डोळ्यांवर झापड येते आणि दिसायचं ते दिसत नाही. मी ते दुसरं कारण थट्टेवारी न्यायचो आणि खुशाल चहा प्यायचो. एका फार्मवर तर मला चहाबरोबर पेढेही मिळाले. मालक हसतमुख, शेड स्वच्छ, पक्षी तरतरीत. मी पेढा तोंडात टाकून "सगळं उत्तम" म्हणणार तेवढ्यात बाई गायब. त्या शेडच्या मागे बाभळीखाली उभ्या राहून जमिनीकडे बघत होत्या. जमिनीवर चुना होता, पांढराशुभ्र. "बाकी सगळ्या फार्मवर चुना जुना झाला आहे," बाई म्हणाल्या, "अन् इथीच ताजा. अन् कावळे पाहा कितीक बसून राहिले." खड्डा उकरला तर दीडेकशे मेलेल्या कोंबड्या निघाल्या. मालकाचा हसरा चेहरा कुठल्या कुठे गेला, आणि माझ्या घशात पेढा अडकला तो अडकलाच.

भोपाळचा रिपोर्ट आला, बर्ड फ्लू नव्हता. साधी राणीखेत होती, कोंबड्यांतच राहणारी. बाईंचा संशय अर्धा खरा आणि अर्धा खोटा ठरला होता. त्या फार्मवाल्याचं नाव दहा गावांत झालं, आठवडाभर त्याचा माल कोणी उचलला नाही, त्याची बायको ऑफिसात येऊन आम्हाला नको नको ते बोलून गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफी मात्र मागितली नाही. पुढच्या महिन्यात त्याच फार्मवर गेलो तेव्हा त्यांनी आपण होऊन चहा मागितला आणि बसून, बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. तो माणूस काय समजला कोण जाणे. मी समजलो, आणि मला त्या दिवशी बाईंचा राग येणं बंद झालं.

राग येण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ होतं. नमुन्यांच्या पेटीला त्या लाल दोऱ्याच्या दोन गाठी मारायच्या, वर स्वतःची सही केलेला कागद चिकटवायच्या, आणि पेटी गाडीत मागे न ठेवता आपल्या दोन पायांमध्ये घेऊन बसायच्या. आमचा ड्रायव्हर रफीकभाई कामठीचा, बावीस वर्षं गाडी चालवणारा. त्याला हे फार लागायचं. "साहब, मॅडम को तो आईने पे भी शक है," असं तो मला म्हणायचा, बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाई खिडकीबाहेर बघत उत्तर द्यायच्या, "रफीकभाई, तुमच्यावर भरोसा आहे. गाडीच्या ब्रेकवर नाही." मी भरलेला प्रत्येक फॉर्म त्या पुन्हा वाचायच्या, आणि चूक सापडली नाही की हिरमुसल्यासारख्या व्हायच्या.

त्यांच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटवर मी दोनदा गेलो असेन. बेल वाजवली की दाराच्या भिंगातून डोळा दिसायचा, डोळ्यानं आपल्याला ओळखलेलं असायचं, आणि तरीही आतून "कोण आहे?" यायचं. पिशवीचं दूध त्या दोनदा उकळायच्या. त्यांचे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. ते मला सांगत होते, "लग्न ठरलं तेव्हा हिनं आधी भावाले पाठवलं, मी खरंच तिथी नोकरीले आहे का पाहाले. मग मैत्रिणीले पाठवलं. मग सोता आली, गेटवर उभी राहिली शिफ्ट सुटेपर्यंत." बाई आतून म्हणाल्या, "अन् खरं निघालं म्हणून केलं न लग्न." यजमान हसले. या बाईंनी तीनदा तपासून घेतलेला माणूस असल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांनंतरही होतं.

मी एकदा स्पष्टच विचारलं, बाई, हा स्वभाव आला कुठून? त्या म्हणाल्या, "आमचा आजा कामठीले हातमागावर होता. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आला अन् घरातल्या सगळ्यायले सांगितलं, आता कोणी सांगितलं म्हणून काही मानाचं नाही. सोताच्या डोळ्यानं पाहाचं, मग मानाचं. माह्या बापानं ते शाळेत पाठवून पाळलं. मी कोंबड्यात पाळून राहिली." हे सांगताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. मी पुन्हा त्यांच्या संशयाला स्वभाव म्हटलं नाही.

पण तो संशय लोकांना बोचायचा, आणि बाईंनाही बोचायचा. खापरखेड्याच्या कॉलनीजवळ एका हिवाळ्यात बर्ड फ्लू निघाला तेव्हा आम्ही पांढरे किट घालून घरोघरी फिरत होतो. चौधरी नावाचे एक निवृत्त काका, घरात एकटे. म्हणाले, माझ्याकडे एकही पक्षी नाही. टीव्ही मोठ्यानं लावलेला. बाई म्हणाल्या, "टीव्ही जरा बंद करा जी."

"बातम्या पाहून राहिलो न."

"बातम्या कुठी, साबणाची जाहिरात लागली आहे."

टीव्ही बंद झाला. खोलीत आम्ही तिघं, आणि खिडकीत चादर पांघरलेला कूलर. नागपुरात जानेवारीत प्रत्येक घरी कूलरवर चादर असते, त्यात काही नवल नाही. बाई खुर्चीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. किटच्या आत आम्ही घामानं निथळत होतो. पाचेक मिनिटांनी कूलरमधल्या वाळ्याच्या गवतात काहीतरी खुडबुडलं. काका म्हणाले, उंदीर. बाई बसूनच. मग आतून बारीक, घशातल्या घशात, कुक् कुक् आलं. काकांनी स्वतः उठून चादर काढली. आत उंच मानेचा, तांबडा, फार देखणा कोंबडा होता. काकांनी विचारलं, "मी एकदा धरू का याले?" बाई म्हणाल्या, "हात नका लावू." काकांनी हात मागे घेतले आणि तसेच पाठीमागे बांधून उभे राहिले.

दुपारी किट उतरवून, आंघोळ करून आम्ही डबे उघडले. बाईंनी आपला डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. "तो माणूस खोटा नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आणि बाईंसाठी जास्त वाटलं. ज्याला सगळं दिसतं त्याला न दिसल्यासारखं करता येत नाही, आणि बाईंना तर नोकरी म्हणून रोज बघावंच लागत होतं.

जगात एकच माणूस असा होता की ज्याच्याकडे बाई संशयानं बघत नसत. ती त्यांची धाकटी बहीण शोभा. आई मजुरीला जायची म्हणून आठ-नऊ वर्षांच्या विमलनं, म्हणजे आमच्या बाईंनी, तिला कडेवर वाढवलं होतं. शोभा कामठीच्या पलीकडे एका गावात दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही. बाईंनी वाचलं तर विचारतील, काहून लिहिलं. तिच्या दहा-बारा गावरान कोंबड्या होत्या. त्यांची अंडी ती स्वतः कामठीला नेऊन विकायची, आणि घरात त्या पैशाबद्दल तिला कोणी विचारत नसे. ते सुख तिला मोठं होतं. शोभाचा फोन आला की बाईंचा आवाज बदलायचा. रफीकभाई गाडीचा रेडिओ बारीक करायचा. त्यालाही तो आवाज ऐकायला आवडायचा.

डिसेंबरात ते गाव आमच्या यादीत आलं. बाईंचा एक नियम मी अजून सांगितला नाही. नमुन्याची कोंबडी त्या स्वतः धरायच्या. मालक धरून आणतो ती त्याला दाखवायची असलेली कोंबडी, कोपऱ्यात मान पाडून बसलेली ती आपल्याला बघायची असलेली कोंबडी, असा त्यांचा हिशेब. माझ्या चार वर्षांत हा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी शोभाच्या अंगणात बाजेवर गोधडी अंथरलेली होती आणि शोभा म्हणाली, "तू बस वं ताई. आत्ता तर तुह्या गुडघ्याचं आपरेशन झालं. मी देते न धरून." बाई बसल्या. चहा आला, तो प्यायल्या. मला इतकं बरं वाटलं त्यांना तसं पाहून की मीच म्हटलं, बसा बाई, आज आराम.

शोभा परसातून एकेक कोंबडी आणायची, बाई नमुना घ्यायच्या, मी बाटलीवर नंबर टाकायचो, शोभा कोंबडी परत मागे सोडून दुसरी आणायची. दहा झाल्या. मधल्या एका कोंबडीला उजव्या पायाचं एक बोट नव्हतं. पुढे आणखी एका कोंबडीच्या वेळी बाईंचा हात तिच्या पायावर जरासा थांबला. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? बाई म्हणाल्या, "नाही. लिहा, आठ."

रिपोर्ट निल आला. बाईंनी तो शोभाला मोबाइलवर पाठवला. ऑफिसचं काही कोणाला पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण त्या दिवशी पाठवला.

तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत कोंबड्या मरायला लागल्या. या वेळी बाईंनी पक्षी मरत होते त्या घरांतून स्वतः धरून नमुने घेतले आणि सगळे बर्ड फ्लूचे निघाले. पुन्हा किट, पुन्हा पिशव्या, पुन्हा खड्डे. शोभाकडे पोचलो तेव्हा तिनं उरलेल्या चार कोंबड्या आपण होऊन समोर आणून ठेवल्या. बाई मात्र आत गेल्या. चुलीपाशी एक रिकामं डालगं होतं, खाली जुनं लुगडं, त्यावर लसणाची सालं आणि हळदीच्या पाण्याचे डाग. बाईंनी प्रश्न तीनदा विचारला नाही. एकदाच विचारला.

"केव्हापासून?"

"तू आली होती न, त्याच्या आदल्या दिवसापासून," शोभा म्हणाली. "सहा बसून होत्या. म्हटलं थंडी लागली असन. तुमी मारून टाकाल म्हणून भेव वाटलं."

"अन् मले दहा कोण्या दाखवल्या?"

"चारच फिरून राहिल्या होत्या न, ताई."

त्या चार कोंबड्यांपैकी एकीच्या उजव्या पायाला बोट नव्हतं. बाईंनी ती उचलली, पाय बघितला आणि पिशवीजवळ गेल्या. मी दारात होतो, मला सगळं ऐकू आलं होतं, आणि मी न ऐकल्याचं सोंग केलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, हे इथंच मिटावं. डिसेंबरचा निल रिपोर्ट फाइलला लागला होता, जुना झाला होता. बाईंना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. तीन आठवडे आधी कळलं असतं तर कदाचित एकाच घरावर भागलं असतं हे मला कळत होतं. पण ते कळणारा गावात मी एकटाच होतो, आणि आमच्या बाई.

संपर्कातल्या माणसांवर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. आरोग्य खात्याच्या आशाताई रोज ताप बघायला जायच्या आणि शोभाच्या नावापुढे रोज 'ताप नाही' लिहायच्या. पाचव्या दिवशी बाईंनी फोन केला. बोलणं झाल्यावर माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, ती वाक्य पुरं करून नाही राहिली. मधातच दम घेऊन राहिली. आशाताई यायच्या आधी तापाची गोळी खात असन." आम्ही गावी गेलो तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, नवऱ्यानं सकाळीच नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

वॉर्डात शोभा उशीला टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजन. खाटेला लटकवलेल्या कागदावर राहण्याचा पत्ता मनीषनगरचा होता, बाईंच्या फ्लॅटचा. एक तरुण डॉक्टरीण कागद भरत होती. "घरी किंवा शेजारी कोंबड्या, बदकं, काही?"

"नाही जी," शोभा म्हणाली. मग तिनं बाईंकडे पाहिलं. "सांग न वं ताई. आपल्या घरी कुठी आहेत कोंबड्या?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या, डॉक्टरणीच्या चपलांकडे. कागदावर 'नाही' लिहिलं गेलं असतं तर शोभा साध्या न्यूमोनियाची पेशंट म्हणून इतरांबरोबर पडून राहिली असती, बर्ड फ्लूसाठी घशाचा नमुना घेतला गेला नसता, औषधाला उशीर झाला असता. आणि 'हो' म्हटलं तर मागचं सगळं उकरून निघणार होतं. पेन कागदावर टेकलं होतं.

"पत्ता खोटा आहे," बाई म्हणाल्या. "ही कामठीपलीकडची आहे. बर्ड फ्लू निघाला त्या गावची. आजारी कोंबड्या चुलीपाशी ठेवून हातानं पाणी पाजत होती. तुमी चौकशी कराल तर तिच्या घरचा डिसेंबरचा रिपोर्ट निल दिसन. तो बी खोटा आहे. चार कोंबड्यायचे दहा नमुने आहेत त्यात. ते मी घेतले आहेत, विमल रामटेके, पर्यवेक्षक. लिहून घ्या."

शोभानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला लगेच वेगळ्या खोलीत हलवलं, घशातून नमुना घेतला, औषध सुरू केलं. बाहेरच्या बाकावर बाई बसून होत्या. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माह्या हातानं मले सांगितलं होतं, डॉक्टर. बोट नसलेला पाय दुसऱ्यांदा हातात आला तवाच कळलं होतं. मी म्हटलं, शोभा आहे." मग त्या रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

रिपोर्ट आला, बर्ड फ्लू नव्हता. माणसांचाच फ्लू होता, छातीत उतरलेला. बाईंनी आधी विचारलं, नमुना कोणी घेतला होता. दुसऱ्यांदा तपासला, तोही तसाच आला, तेव्हा कुठे त्या घरी जाऊन जेवल्या.

शोभा बरी झाली आणि बाईंशी बोलेनाशी झाली. कारण होतं. दवाखान्यातून विचारणा आली, चौकशी लागली, आणि गावाला कळलं की आजार आधी कोणाच्या घरी होता आणि कोणी लपवला. ज्यांच्या कोंबड्या गेल्या होत्या त्या बायांनी शोभाशी बोलणं टाकलं. शोभानं बहिणीला एकच निरोप पाठवला, नवऱ्याच्या तोंडून: मले वाचवलं का गावात उघडी पाडली, ते एकदा सांग म्हणा. बाईंनी उत्तर पाठवलं नाही. त्यांना ऑफिसची नोटीस आली होती. त्या नोटिशीला त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं होतं की चूक माझी आहे. वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, काही परिस्थिती होती का, गुडघा वगैरे? मी म्हटलं, होती, आणि बसा म्हणणारा मीच होतो. तेही लिहून दिलं. बाईंना ते आवडलं नाही. "तुमी काहून मधात आले?" असं म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी फुगून होत्या.

ऑफिसात लोक बाईंना चिडवायला लागले होते. सगळ्यांचे बूट बघणाऱ्या बाईंना घरचीच फसवून गेली, असं कोणी कोणी त्यांच्या देखत म्हणायचं. त्या ऐकून घ्यायच्या आणि हातातला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागायच्या.

तीनेक महिन्यांनी गावात नवे पक्षी पाळायची परवानगी मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा नमुने घ्यावे लागतात. बाईंचा नोकरीतला शेवटचा महिना होता. मी म्हटलं, त्या गावाला मी दुसऱ्या कोणाला घेऊन जातो. बाई पेटी उचलून गाडीत जाऊन बसल्या.

ऊन चढलं होतं. गल्लीतली बाकी घरं झाली आणि शोभाचं राहिलं. फाटक उघडंच होतं. अंगणात नव्या कोंबड्या होत्या, अजून बुजऱ्या, माणूस दिसलं की पळणाऱ्या. बाई वाकून एकीमागे गेल्या, ती निसटली. दुसरीमागे गेल्या, तीही. गुडघा धरून त्या सरळ झाल्या तेव्हा शोभा दारात उभी होती. ती अशक्त दिसत होती. शोभा पायरी उतरली, अंगणात गेली आणि बसक्या आवाजात कोंबड्यांना काहीतरी म्हणत एक धरून घेऊन आली. बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, बाई आता म्हणणार की खाली ठेव, माझी मी धरते. बाईंनी हात पुढे केले. डोळे बघितले, तुरा बघितला, पंख उचलून बघितलं, नमुना घेतला. मी लिहिलं, एक.

शोभानं ती सोडली आणि परत गेली. या वेळी तिला वेळ लागला. आली तेव्हा दम लागला होता. कोंबडी पुढे धरून ती म्हणाली, "ही दुसरी आहे. पाहून घे."

बाईंनी पाहिली. घाई केली नाही. पायाची बोटं एकेक करून मोजली, उजव्या पायाची, डाव्या पायाची.

"हाव," त्या म्हणाल्या. "दुसरी आहे."

"ही तिसरी. पाहून घे."

"हाव. तिसरी."

मी वहीत आकडे लिहीत गेलो. दहाव्या कोंबडीपर्यंत शोभानं एकदाही 'पाहून घे' म्हणायचं सोडलं नाही, आणि बाईंनी एकही कोंबडी न पाहता घेतली नाही.